झेंडीबाबा

नाना, तुम्ही देव झालात. हे मला घरातल्या कोणी नाही, घाटातल्या एका नारळवालीने सांगितलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. माणूस गेला की देवाघरी जातो असं म्हणतात, ते एक वेळ ठीक. पण म्हणून त्याने स्वतःच देव व्हावं आणि रस्त्याच्या कडेला शेंदूर फासून घ्यावा, हे मला अजून पचलेलं नाही. त्यातून तुम्ही! तुम्ही आयुष्यात कधी संकष्टी धरली नाही. देवळात जायची वेळ आलीच तर चपला कोणी नेईल म्हणून आम्हाला आत पाठवून स्वतः बाहेर उभे राहायचात. त्या तुमच्यापुढे ट्रकवाले इंजिन चालू ठेवून खाली उतरतात आणि हात जोडतात. मी हे सिल्वासाजवळच्या अथालच्या आमच्या खोलीत, ओट्याजवळ स्टूल ओढून लिहिते आहे. आई समोर बसून वाल सोलते आहे. काय लिहितेस म्हणून तिने विचारलं, मी म्हटलं, ऑफिसचं. ते अगदीच खोटं नाही, कारण सगळी सुरुवात ऑफिसातूनच झाली.

तुम्ही गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि मामा आम्हाला इकडे सिल्वासाला घेऊन आला. तो तेव्हा धाग्याच्या कारखान्यात होता. मीही आधी धाग्यातच लागले, दिवसभर उभं राहून बॉबिनी बदलायच्या, मग तारेत आले. तारेत का आले, तर तिथे तपासणीच्या टेबलाला खुर्ची होती, दुसरं काही कारण नव्हतं. राखोलीच्या बाजूला आमचा कारखाना आहे. लोखंडी तारेच्या जाळ्या विणतो आम्ही, घाटातल्या कड्यांवर वरून खालपर्यंत सोडतात त्या. मशीनवर धुळ्या-नंदुरबारची मुलं, फोरमन उत्तरेकडचा, शेठ गुजराती, आणि मी या सगळ्यांवर तीन भाषांत ओरडणारी. ओरडणं अंगवळणी कुठून पडलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझं काम तपासणीचं. तारेचा पीळ बघायचा, वरचा जस्ताचा थर खरवडून बघायचा, जाळीचा तुकडा यंत्रात अडकवून तुटेस्तोवर ओढायचा. तुटायच्या आधी तार बारीक आवाज करते, टिक् असा. बाकीच्यांना मशीनच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, मला येतो, कारण मी दुसरं काही ऐकतच नाही. लोकांना वाटतं की ही जाळी दगड थांबवते. तसं नसतं, नाना. सुटलेला दगड उड्या मारत रस्त्यावर येऊ नये म्हणून जाळी त्याला कड्याशी धरून ठेवते, आणि तो तिच्या आतून घसरत खालच्या चरात येऊन पडतो. मग माणसांनी येऊन चर साफ करायचा. म्हणजे लहान मुलाला जिन्यावरून हाताला धरून उतरवतात, तेवढंच तिचं काम.

मध्यंतरी एका गाडीच्या कागदांवर मला आपल्या घाटाचं नाव दिसलं. तो माल मी स्वतः तपासला. नेहमी बघते त्यापेक्षा जास्त बघितला आणि दोन रोल काहीच कारण नसताना परत पाठवले. फोरमन म्हणाला, “मॅडम, आज किसका गुस्सा निकाल रही हो?” राग नव्हता तो. तुमच्या वळणावर माझी जाळी जाणार, आता तिथे पावसात कोणाला उभं राहावं लागणार नाही, एवढंच मनात होतं. गाडी गेटबाहेर पडली तेव्हा मला अगदी मोठं झाल्यासारखं वाटलं. मग मी विसरून गेले. आणि आता उन्हाळ्याच्या तोंडाशी शेठने मला केबिनमध्ये बोलावून मोबाईल पुढे धरला. कड्यावरच्या जाळीला भलंमोठं पोट सुटलेलं, आणि त्या पोटात वासराएवढा दगड. रस्त्याचं काम करणाऱ्या कंत्राटदाराची तक्रार आली होती, जाळी फुगली आहे, माणूस पाठवा. शेठ मात्र खुशीत. “बेन, फाटी तो नथी ने? जुओ तो खरा, केवो पकड्यो छे! फोटो पाडी लावजो, आपडे ब्रोशरमां मूकीशुं.” फाटली तर नाही ना, बघा कसा धरलाय, फोटो काढून आणा, आपण ब्रोशरमध्ये टाकू! फोटोत दगडाच्या आसपास काहीतरी लालसर दिसत होतं. मला वाटलं, माती असेल.

तुमचं वळण माझ्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे. एका बाजूला काळा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये खाकी टोपी घातलेले तुम्ही, एका हातात लाल झेंडी, एका हातात हिरवी. मैलकुली म्हणजे काय हे इथे कोणाला ठाऊक नाही. मी सांगते, रस्त्याचा आपला तुकडा सांभाळणारा सरकारी मजूर. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, आणि पावसाळ्यात दगड पडतो त्या वळणावर उभं राहून गाड्या सोडायच्या. वर काही हललं की लाल झेंडी, नाहीतर हिरवी, आणि सोबत तो तुमचा आवाज. “आठे थांबानं नही! पुढे चाला!” इथे थांबायचं नाही. घरी तुम्ही मीठ मागतानासुद्धा हळू बोलायचात, आणि त्या वळणावर ड्रायव्हर, मास्तर, फोटो काढणारी नवी जोडपी, लाल दिव्याची गाडी, सगळ्यांना एकच दम. मी शाळेतून डबा घेऊन येते आहे, ऊन मऊ आहे, कड्याखाली छान सावली पडली आहे, मी तिथल्या कठड्यावर बसते आणि डबा उघडते. तुम्ही लांबून असे ओरडता की माझ्या हातून डबा पडतो. भाकरी रस्त्यावर, ठेचा मातीत. मी रडत रडत म्हणते, पण काहीच पडलं नाही ना! आणि तुम्ही माझा दंड धरून मला वळणाच्या पुढे नेता, करंजाखाली बसवता, धूळ झटकून तीच भाकरी खाता आणि म्हणता, नाही पडलं ते बरंच झालं. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की मी दोन दिवस डबा आणला नाही. आईने आणला.

त्या वळणावर मी इतक्या वर्षांनी गेले ते कंत्राटदाराच्या इंजिनिअरच्या गाडीतून. पुण्याचा तरुण मुलगा, शहाणा वाटला, पण वाटेत मोकळं काही बोलेना. शेवटी म्हणाला, “मॅडम, तिथे थोडा वेगळा प्रॉब्लेम आहे. तुम्ही बघाच.” वळण आलं आणि मला आधी फक्त लाल रंग दिसला. जाळीला, कठड्याला, बांबूंना, करंजाला, जिकडेतिकडे लाल झेंड्या. लहान, मोठ्या, जुन्या विटलेल्या, नव्या जरीच्या. ओळखीचे ड्रायव्हर नवसासाठी थांबत होते. अनोळखी ड्रायव्हर पुढे लाल झेंडी दिसते म्हणून घाबरून थांबत होते. गाड्यांची रांग लागली होती, माणसं खाली उतरली होती, पोरं आइसफ्रूट खात होती, आणि हे सगळं बरोबर त्या जागी, जिथे तुम्ही कुत्र्यालासुद्धा बसू दिलं नसतं. मी वर पाहिलं. पोटातल्या दगडाला शेंदूर फासला होता. चांदीचे डोळे चिकटवले होते. वर खाकी रंगाने टोपी काढली होती, आणि खाली काळ्या रंगाने मिशा. मी इंजिनिअरला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, “झेंडीबाबा.”

नारळवाली म्हातारी तिथेच पाट टाकून बसली होती. मी तिला विचारलं, हा देव कधीपासून? ती मला खाली बसवून सांगायला लागली, जणू रोजच सांगत असावी. मागच्या पावसाळ्यात भरलेली एसटी इथे अडकली होती. वरून हा दगड सुटला आणि बसच्या टपावर येता येता हवेत थांबला. आतल्या माणसांनी वर पाहिलं तर दगड लोंबकळतो आहे आणि कोणाला ओरखडासुद्धा नाही. बसमध्ये एक जुनं माणूस होतं, त्याला आठवलं की या वळणावर पूर्वी झेंडीवाला बाबा उभा असायचा. “त्यानी असाच एक दगड छातीवर झेला व माय, पन मोटर वाचाडी,” म्हातारी म्हणाली. “जागेवर प्राण सोडा. तोच परत उना.” तोच परत आला म्हणे! मी म्हटलं, “कोणी सांगितलं? ते काविळीने गेले. घरी, खाटेवर.” म्हातारीला ते अजिबात आवडलं नाही. “तुले काय माहीत व? तू कोन से?” आणि माझ्या तोंडून कित्येक वर्षांत न बोललेली आपली भाषा निघाली. “मी त्यासनी आंडेर से.” मी त्यांची मुलगी आहे. म्हातारीचा हात नारळावर तसाच राहिला. मग ती केवढ्याने तरी ओरडली, “बाबानी आंडेर उनी! पाया पडा रे!” आणि नाना, लोक खरंच माझ्या पाया पडले. एक ट्रकवाला, दोन बायका, एक शर्ट खोचलेला माणूस ज्याच्या खिशाला बँकेचं ओळखपत्र होतं. मी सेफ्टी शूज घातलेली, हातात मोजपट्टी, हेल्मेट डोक्यावर, आणि लोक माझ्या बुटांना हात लावून ते कपाळाला लावतायत. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडणार? मी नुसती मागे सरकत राहिले आणि कठड्याला टेकले.

मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, दगड जाळीने धरला, जाळी आमच्या कारखान्यात होते, मी ती स्वतः ओढून बघितलेली आहे. सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मग म्हातारी बाकीच्यांकडे वळून म्हणाली, “दखा, बाबानी आंडेरकडथीन जाळी करी लिधी.” पाहा, बाबाने मुलीकडून जाळी करून घेतली! झालं. माझी सगळी नोकरी, सगळी तपासणी तुमच्या खात्यावर जमा. खरं सांगते, मला पहिल्यांदाच तुमचा हेवा वाटला. तुम्ही रात्रंदिवस उभे होतात तेव्हा तुम्हाला कोणी पाणीही विचारलं नाही, ते ठाऊक आहे मला. पण त्या बसमधल्या माणसांच्या डोक्यावर ती तार माझी होती, आणि मिशा तुमच्या रंगवल्या. तुम्हाला तर मिशा कधी नव्हत्याही.

हेवा वगैरे फार वेळ टिकला नाही, कारण मग मी शिडी लावून जाळी जवळून पाहिली. दगड जिथे आडव्या दोरावर टेकला होता तिथे घासून जस्त गेलं होतं आणि तार गंजायला लागली होती. जाळीची काही घरं उसवून मोठी झाली होती. दोर आवळून धरणारा एक क्लॅम्प जागचा सरकला होता, त्याचा जुना ओरखडा स्पष्ट दिसत होता. दगडाच्या मागे सबंध पावसाळ्याचा मुरूम आणि धोंडे साचले होते, आणि पोटाची खालची बाजू नारळाच्या पाण्याने आणि तेलाने कायम ओली. जाळीवर रोज नारळाचं पाणी पडेल हे आमच्या कुठल्याच तपासणीत नाही. मी अगदी कान लावून उभी राहिले. खालून एक भरलेला कंटेनर गेला, रस्ता थरथरला, आणि मला तो आवाज ऐकू आला. टिक्. खाली बायका फुगड्या घालाव्यात इतक्या निर्धास्त उभ्या होत्या. पावसाळ्याला फार दिवस राहिले नव्हते. ओला मुरूम आणखी जड होणार, दोर सुटणार, आणि बाबा, दगड, धोंडे सगळं त्यांच्या अंगावर येणार. ज्या जाळीने बस वाचवली तीच जाळी त्यांना मारणार, आणि माणसं तिथे थांबलेली असणार ती तुमच्यासाठी.

खाली उतरून मी इंजिनिअरवर तोंडसुख घेतलं. पावसाळा संपल्यावर लगेच हे का उपसलं नाही? तो बिचारा शांतपणे म्हणाला, “मॅडम, मी चार वेळा माणसं आणली. एकही जण बाबांना पहार लावायला तयार नाही. पोलीस बंदोबस्त घेऊन आलो तर लोक रस्त्यावर झोपले. मी वर लिहूनही दिलंय. आता मी स्वतःच गाडीतून उतरताना चपला काढायला लागलोय, सवय झाली.” त्याच्या पायांकडे पाहिलं तर खरंच तो अनवाणी होता. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. त्यानेच उपाय सांगितला. क्रेन आणून दगडाला पट्टे बांधायचे, त्याचा भार क्रेनवर घ्यायचा, मग खालची शिवण उसवून दगड अलगद उतरवायचा आणि मागचा मुरूम चरात सोडायचा. दिवसभराचं काम. फक्त लोकांनी हात लावू दिला पाहिजे. मी म्हातारीला विचारलं, घाटाच्या पायथ्याशी मोकळी जागा आहे, तिथे नेऊ दे ना बाबांना. ती म्हणाली, “बाबा आपली जागा सोडाव नही.” तुम्ही जागा सोडत नव्हतात हे तर खरंच होतं. मी तशीच परतीच्या गाडीत बसले.

आईला सांगायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं, आणि घरात शिरल्या शिरल्या सगळं सांगून टाकलं. मोबाईलवरचा फोटोही दाखवला. तिने हात पदराला पुसून मोबाईल हातात घेतला. मला वाटलं, रडेल. मग एकदम उसळून म्हणाली, “घर जेवाले टाइमवर कधी उनात नही, नि आते निवद खाई ऱ्हायनात?” घरी वेळेवर जेवायला कधी आले नाहीत, आणि आता नैवेद्य खातायत! तुमच्या माघारी तिने तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी निघाला, आणि मग थांबेचना. पावसात भिजून यायचात, बोलायचा नाहीत, कुशीवर वळून झोपून जायचात, ती रात्री तुमचे पाय तेलाने चोळायची. “सुजी जायेत पाय त्यासना,” ती म्हणाली, आणि तिने मोबाईल पुन्हा हातात घेतला, फोटो जवळ धरला, दूर धरला. “आजून उभाच ठेवेल शेत का त्यासले तठे? सांग त्या लोकेसले. बसाडा म्हना आते.” अजून उभंच ठेवलंय का त्यांना तिथे? सांग त्या लोकांना, आता बसवा म्हणावं. एवढं बोलून ती उठली आणि कुकर लावायला गेली.

तेच मी जसंच्या तसं नेऊन घाटात सांगितलं. या वेळी जाळीचं नाव काढलं नाही, दोराचं नाही, क्लॅम्पचं नाही. म्हातारीसमोर बसले आणि म्हटलं, माझ्या आईने निरोप पाठवलाय. नाना या वळणावर कोणाला थांबू देत नव्हते, तुम्ही सगळे रोज त्यांचा शब्द मोडता, हे एक. आणि दुसरं, माणूस जन्मभर उभा होता, त्याचे पाय सुजायचे, आई म्हणते, आता तरी त्यांना बसवा. म्हातारीने माझ्याकडे टक लावून पाहिलं. “बसाडानं?” ती हळूच म्हणाली. देव बसवायचा! तिचा चेहराच बदलला. लोंबकळणारा देव म्हणजे अजून न बसवलेला देव, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग मुहूर्त कोणता, पायथ्याशी कट्टा कोण बांधणार, तोंड पूर्वेला की रस्त्याकडे, यावर अशी चर्चा सुरू झाली की इंजिनिअर माझ्या कानाशी येऊन घाबरून म्हणाला, “मॅडम, हे आषाढातला मुहूर्त तर नाही ना काढणार?” म्हातारीला फक्त एकच विचारायचं होतं, तिचा पाट कुठे मांडायचा. मी म्हटलं, कट्ट्याजवळ, तिथे थांबायला सावली पण आहे आणि वर कडा नाही. कंत्राटदाराने कट्टा बांधून द्यायचं कबूल केलं. बाबाच्या बायकोचा शब्द कोण मोडणार, असं जो तो म्हणत होता. आईला हे सांगितलं तेव्हा तिने नुसतं नाक मुरडलं.

दगड उतरला, नाना. दोन्ही बाजूंच्या गाड्या लांब अडवल्या होत्या, आणि अडवायला इंजिनिअरच्या माणसांनी नवसाच्याच झेंड्या वापरल्या. वळणावर क्रेनवाला, पट्टे बांधणारे आणि मी, बाकी एकही माणूस नाही. तिथे इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. पट्टे ताणले, भार क्रेनवर आला, शिवण उसवली. मुरूम भसाभसा चरात गेला, इतका की धुळीत काही वेळ काहीच दिसेना, आणि धूळ बसली तेव्हा आडवा दोर एका बाजूने सुटून लोंबत होता. क्लॅम्प चरात पडला होता. मी तो उचलला आणि हातात धरून गटारीच्या कडेला बसले. तो त्या दिवशी सुटला की आणखी दोन पावसांनी, देव जाणे. म्हणजे तुम्ही जाणा. आता तिथे नवी शिवण आहे, नवा दोर आहे, आणि वळणावर एकही झेंडी नाही. तुम्ही खाली पायथ्याच्या कट्ट्यावर बसलेले आहात, तोंड रस्त्याकडे. मिशा मी पुसायला सांगितल्या होत्या, पुसल्या नाहीत. शेठला फोटो दिला. मिशांसकट छापणार म्हणतो.

हे पत्र मी टाकणार नाही. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांची एक सोय असते की पत्ताच नसतो. माझी तीही गेली. पाकिटावर झेंडीबाबा, घाट पायथा, एवढं लिहून पेटीत टाकलं तर पोस्टमन ते नेऊन देईल, नारळवाली कोणाकडून तरी वाचून घेईल, आणि पुढच्या गुरुवारी घाटातले सगळे ड्रायव्हर काविळीबद्दल आणि आईच्या कुकरबद्दल बोलत असतील. तेव्हा हे घडी करून तांदळाच्या डब्याखाली जाईल. एक गोष्ट मात्र राहिली, ती आईलाही सांगितलेली नाही. दगड खाली येत होता, कट्ट्यावर न्यायच्या आधीचा तो क्षण, आणि त्याची एक कड कड्याला जरा घासली. दगडच तो, कड्यावरचाच, त्याला काय होणार होतं? तो दगड आहे हे मी सगळ्यांना बजावून बजावून दमले होते. आणि त्या क्रेनवाल्यावर, ज्याला आपल्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही, मी घाटभर आवाज जाईल इतक्या जोराने ओरडले, “हळू रे भाऊ, नानाले लागी जाई!”